मुठीत मावेना

अमेरिकेत पिस्तूल घेणं सोपं. माणसाचा कस लागतो तो पिस्तुलाच्या मुठीला चिकटपट्टी लावताना. ग्लॉक कंपनीच्या पिस्तुलाची मूठ पॉलिमरची, घामेजल्या हातात सटकते म्हणे. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला, पण तळहाताच्या घामाचं काय ते लिहायचं राहून गेलं. ती उणीव आता बाजाराने भरून काढली आहे. मॉडेलबरहुकूम कापलेली पट्टी मिळते: एक रबरी, दुसरी थेट पॉलिशपेपरसारखी खरखरीत.

आधी मॅगझिन काढा, चेंबर रिकामं आहे ना ते डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा. मग स्पिरिटने मूठ पुसा, पट्टी बसवा आणि घरातला हेअर ड्रायर आणा. कडांना गरम हवा देत अंगठ्याने दाबत जायचं. कोपरा केसभर वाकडा गेला की सोला, पुन्हा लावा. मोबाइलला स्क्रीनगार्ड लावताना रोखतो तसा श्वास रोखून हे सगळं. गोळी झाडताना इतकी काळजी घेत असतील तर बरंच आहे.

एवढं करून खरखरीत पट्टीचं पिस्तूल कंबरेला खोचलं की ती शत्रूआधी मालकाचंच कातडं सोलते. त्यावरही उपाय आहे: आतून एक बनियन.