आप्पा, मांडी बघून सांगा

कोलंबस, ओहायो
12 मे 2025

तीर्थरूप आप्पांना,


परवा फोनवर तुम्ही विचारलंत, मंदार रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून करतो काय, ऑफिसचं काम वाढलंय का? तो शेजारीच बसला होता म्हणून "हो" म्हटलं. आता खरं लिहिते. तुमचा मुलगा रात्री विशी-बाविशीतल्या पोरांचे पळण्याचे व्हिडिओ बघतो. थांबवून, मागे नेऊन, पुन्हा बघून. आणि वहीत टिपणं काढतो.

इथल्या फुटबॉलवर बारा मित्रांनी मिळून एक खेळ मांडलाय. संघ कागदावरचे, खेळाडू मात्र खरे. खऱ्या सामन्यात खेळाडू चेंडू घेऊन दहा यार्ड पळाला की ज्याच्या कागदावर त्याचं नाव त्याला एक गुण, टचडाउनला सहा, झेल घेतला की वर एक. यातल्या 'डायनेस्टी' प्रकारात घेतलेला खेळाडू वर्षाअखेरी सोडायचा नसतो. तो निवृत्त होईपर्यंत, किंवा आपण दुसऱ्याच्या गळ्यात मारेपर्यंत, आपलाच. म्हणून दर मे महिन्यात कॉलेजातून नवी पोरं आली की या बाराजणांची झोप उडते.

सगळी ओढाताण रनिंग बॅकसाठी. चेंडू छातीशी धरून समोरच्या गर्दीत घुसतो तो गडी. तुम्ही जन्मभर तालमीत पोरं पारखलीत, तुम्हाला हे माझ्या आधी कळेल. यंदा सगळ्यांची नजर ॲश्टन जेंटीवर आहे. उंची पाच फूट आठ इंच, वजन शहाण्णव किलो, आणि मांड्या अशा की तुम्ही लगेच खुराक विचाराल. बाकीचे गडी जरा वाकून तयारीत असतात. हा चेंडू हातात येईपर्यंत एसटीची वाट बघत असल्यासारखा ताठ उभा. मग चारजण अंगावर पडले तरी याचे पाय चालूच. गेल्या मोसमात बॉइसी स्टेटकडून त्याने 2601 यार्ड काढले. बॅरी सँडर्सचा 1988 चा विक्रम अवघ्या 27 यार्डांनी वाचला. खऱ्या लीगमध्ये रेडर्स क्लबने त्याला सहाव्या क्रमांकावर उचललं. कागदावर मात्र आपल्याला तो मिळत नाही, कारण या खेळात पहिली निवड गेल्या वर्षी तळाला राहिलेल्याची असते आणि मंदारचा नंबर चौथा. चार्जर्स क्लबकडे गेलेला दुसरा रनिंग बॅक हॅम्प्टनही तोवर उरणार नाही.

दर वर्षी इंडियानापोलिसला या पोरांची मापं घेतात, चाळीस यार्ड पळवतात. साडेचार सेकंदांच्या आत आला की आमच्या दिवाणखान्यात शिट्टी वाजते. मला विचाराल तर (विचारत कुणी नाही) घड्याळापेक्षा खऱ्या क्लबने पोराला कितव्या नंबरवर घेतलं ते बघावं. वरचा नंबर खर्च केलेला गडी पहिले चार सामने चाचपडला तरी क्लब त्याला बसवत नाही. खालून आलेल्याला एवढी सवलत कोण देतं?

अर्थात हेही डोळे मिटून खरं नाही. 2020 साली पहिल्या फेरीत एकच रनिंग बॅक गेला, क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर, आणि तोही नावाजलेल्या माहोम्सच्या कॅन्सस सिटीकडे. मंदारने मागचापुढचा विचार न करता तोच घेतला. त्याच वर्षी दुसरा रनिंग बॅक, जॉनथन टेलर, 41 वा गेला होता. पुढच्याच मोसमात टेलरने 1811 यार्ड काढून सगळ्या लीगला मागे टाकलं. आमच्याकडे जेवताना त्याचं नाव काढायचं नाही, असा नियम आहे.

चौथ्या नंबरचा घोळ मात्र आमच्याच गावचा. ट्रेव्हियॉन हेंडरसन आणि क्विनशॉन जडकिन्स, दोघेही इथल्या ओहायो स्टेटचे. चेंडू वाटून घेऊनही दोघांनी हजाराच्या वर यार्ड काढले आणि जानेवारीत राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं. जडकिन्स शंभर किलोचा. तो 36 वा क्लीव्हलँडला गेला. हेंडरसन आठेक किलोने हलका. 38 वा, न्यू इंग्लंडला. मंदारला जडकिन्स हवाय, का तर क्लीव्हलँड इथून गाडीने जाण्यासारखं. हा काय निकष झाला? मी हेंडरसनच्या बाजूची. तो झेल घेतो, आणि चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याला खांदा लावून जागच्या जागी थोपवतो. या थोपवण्याला खेळात शून्य गुण, म्हणून हे बाराजण तिकडे बघतच नाहीत. पण ज्याच्यामुळे क्वार्टरबॅक आडवा होतो, त्याला कोच मैदानात ठेवील का? आणि बाकावर बसून गुण कसे मिळायचे?

घाई एवढ्यासाठी की या गड्यांचा बहर फार थोडा. वयाची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली की बाजारात गिऱ्हाईक मिळत नाही. डेरिक हेन्रीसारखा एखादा तिशीत 1921 यार्ड काढतो, पण तो अपवाद. हे ऐकून सईने विचारलं, "मग बाबाला आता कोण घेईल?" मंदार त्या रात्री जिममध्ये जाऊन आला.

दोघांचे व्हिडिओ पाठवतेय. शनिवारी निवड आहे, त्याआधी बघून त्याला फोन करा. या बाबतीत तो फक्त तुमचं ऐकेल. माझं नाव नको.

आईंना नमस्कार. गुडघ्याला तेल लावतात ना?

तुमची,
अनघा

ता. क. : आत्ताच कळलं की जेंटी मिळवायला मंदारने 2027 सालची पहिल्या फेरीची निवडसुद्धा देऊ केली होती. समोरच्याने नाही म्हटलं, नशीब. तुमच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं मात्र "बघू पुढच्या वर्षी" म्हणतो. तुम्ही पावसाआधी करूनच घ्या. पैसे मी पाठवते.