वायरवाले आप्पा

देवपुरात लग्न असो, वास्तुशांत असो की गणपती, मांडवाच्या बांबूंआधी आप्पा हजर होतात. खांद्यावर वायरचं भेंडोळं, खिशात टेस्टर आणि वायर सोलायला स्वतःचे दात. "आप्पा, लाइट कुठून घ्यायची?" या प्रश्नावर त्यांचं उत्तर ठरलेलं: "वायर शे ना मनाजोडे, व्हई जाई!" वाडीभोकर रोडच्या एका अंगाला मीटर आणि पार दुसऱ्या अंगाला मांडव असला, तरी आप्पा डगमगत नाहीत.

त्यांच्या भेंडोळ्यात पाच लग्नांच्या वायरी नांदतात. एक लाल, एक पिवळी, एकीचा रंग उडालेला. जाडीही जिची तिची. मध्येच तांब्याला ॲल्युमिनियम पिळलेलं आणि त्यावर टेप. जोड गरम लागतो अशी कुणी तक्रार केली, तर आप्पा म्हणतात, "म्हणजे करंट पुरेपूर जातोय."

टेस्टर पेटला की आप्पांचं काम संपतं. तो १५० व्होल्टलाही पेटतो, हे त्यांच्या गावीही नसतं.

एका उन्हाळी लग्नाला पुण्याचे पाहुणे थेट कॅरॅव्हॅन घेऊन आले. सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात कॅरॅव्हॅन पार्क आहेत, पण आप्पा नाहीत. इथे गाडी लागली लांबच्या लिंबाखाली, मीटरपासून ६० मीटरवर. आप्पांनी एक एमएमची वायर ओढली. पंखा मलूल फिरला, फ्रिज कण्हला, आणि एसीचा कॉम्प्रेसर नुसता गुरगुरून गप्प झाला.

"गाडीच पुण्याची आहे," आप्पांनी निदान केलं.

विद्यानगरीतल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याने कागद काढला. वीज जाते तशी परतही येते, म्हणजे वायर १२० मीटर. एक एमएमच्या तांब्याचा एवढ्या लांबीला रोध सुमारे २.३ ओहम. एसी, फ्रिज आणि किटली मिळून १० ॲम्पिअर घेतात, म्हणजे २३ व्होल्ट वाटेतच खर्च. घरी २३० असले, तर गाडीत २०७. कॉम्प्रेसर सुरू होताना तर क्षणभर कित्येक पट करंट ओढतो, मग व्होल्टेज आणखी कोसळतं. चार एमएमची केबल असती, तर त्याच १० ॲम्पिअरला जेमतेम ६ व्होल्ट गेले असते.

या दुखण्याने भलेभले थकले. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर १८८२ साली एडिसनने वीजघर काढलं, पण त्याची ११० व्होल्टची डीसी वीज मैलभरातच दमायची. एडिसन तिथे थांबला. आप्पा असते तर त्यांनी आणखी एक जोड दिला असता. १९१५ साली टाटांनी खोपोलीची वीज मुंबईला नेली ती लाखभर व्होल्टवर. व्होल्टेज चढवलं की तेवढ्याच कामाला करंट कमी लागतो आणि वाटेतली गळती घटते.

यातलं 'चढवलं' आप्पांनी नेमकं उचललं. "मग गाडीत स्टॅबिलायझर लावू!" पुतण्याने कपाळाला हात लावला. गाडीतला स्टॅबिलायझर तिथे व्होल्टेज चढवतो खरा, पण त्यासाठी त्याच बारीक वायरीतून जास्त करंट ओढतो, आणि वाटेतली घट आणखी वाढते.

शेवटी रावेरचे केळीवाले मेहुणे मदतीला आले. "आप्पा, ठिबकच्या नळीला शेवटच्या केळीपाशी दाब उरत नाही, तेव्हा आपण काय करतो?"

"जाड नळी टाकतो."

"मग?"

आप्पा उठले आणि चार एमएमची अख्खी केबल घेऊन आले. सोबत मल्टिमीटरही आणला. त्या दिवसापासून ते मंगलाष्टकं चालू असतानाही मांडवात फिरून "दोनशे एकवीस!" असं क्रिकेटच्या धावफलकासारखं जाहीर करतात.

पाहुण्यांनी मात्र तोवर साधा उपाय शोधला होता. गाडी मीटरशेजारी आणून लावली; दहा मीटर केबल पुरे. पण कोरी केबल कापायची? आप्पांच्या जिवावर आलं. उरलेली त्यांनी गाडीखाली गुंडाळून ठेवली. गुंडाळलेली केबल लोडवर तापते, म्हणून पुतण्या ओरडला. तेव्हा आप्पांनी ती सोडवली, मांडवाला दोन वेढे घातले आणि मीटरशेजारच्या गाडीला पूर्ण ६० मीटर फिरून आलेली वीज दिली.

"आते बघ," ते पुतण्याला म्हणाले, "कशी ऐसपैस जाई ऱ्हायनी!"