माझा पोपट

1921 साली डॉ. राधाकृष्णन म्हैसूर सोडून कलकत्त्याला निघाले, तेव्हा त्यांची फुलांनी सजवलेली बग्गी विद्यार्थ्यांनी स्वतः ओढत स्टेशनापर्यंत नेली. दर 5 सप्टेंबरला मी ही गोष्ट वर्गात सांगायचे, आणि सांगताना बग्गीत मीच बसलेली असायचे. प्रत्यक्ष निवृत्तीच्या दिवशी रिक्षावाल्याशी तीस रुपयांवरून भांडत, मांडीवर भेटीचं भिंतीवरचं घड्याळ धरून मी घरी आले.

आता रोज चेन्नईतल्या अण्णा नगरच्या टॉवर पार्कात फेऱ्या मारते. घरी सांगते, गुडघ्यांसाठी. खरं कारण माजी विद्यार्थी. 1968च्या व्यापारी प्रदर्शनासाठी बांधलेला तो 135 फुटी मनोरा 2023 साली पुन्हा चढायला खुला झाला, गर्दी वाढली, म्हणजे कुणीतरी ओळखण्याची शक्यताही वाढली. म्हणून इस्त्रीची साडी, आणि ओठांवर तयार वाक्य : "अरे, मी काय केलं? मेहनत तुमची."

परवा योग आला. "मिस! नींगळा?" (चेन्नईत बाई चार नातवंडांची आजी झाली तरी विद्यार्थ्यांसाठी मिसच.) दाढीवाला उंच मुलगा होता. मला अजिबात ओळखू येईना, म्हणून मी भरभरून हसले. अण्णा नगरातल्याच एका स्पर्धा परीक्षांच्या क्लासात आता तो शिकवतो म्हणे. मी वाक्य पुढे सरकवणार, एवढ्यात तो म्हणाला, "मिस, तुमचं फिजिक्स काही आठवत नाही. पण तुमचं तमिळ!"

इथे मला ऴबद्दल बोललंच पाहिजे. आपण मराठी माणसं ळच्या जोरावर दक्षिणेत छाती काढून उतरतो. मग कळतं की यांच्याकडे ळ तर आहेच, वर ऴही आहे. जीभ मागे वळवायची, टाळूला लावायची नाही, आणि मधल्यामध्ये काहीतरी गोड घडवायचं. माझ्या जिभेवर ते कधीच घडलं नाही. ज्या भाषेच्या नावातच हे अक्षर, तिचं नावच मला नीट घेता येत नाही. पुस्तक इंग्रजी असलं तरी वर्गाला विषय कळायचा तमिळमध्येच, आणि गुरुत्वाकर्षण तर ऴशिवाय शिकवताच येत नाही. 'खाली पडतं' म्हणजे 'कीऴे विऴुम्', प्रत्येक शब्दात एक. न्यूटनसमोर सफरचंद एकदाच पडलं, माझ्यासमोर वर्षाला चार तुकड्यांत पडायचं. एकदा संतापून "वही फाडेन" म्हणायला गेले. फाडणं म्हणजे किऴि, माझ्या तोंडून निघालं किळि, म्हणजे पोपट. त्या वर्षी फळ्यावर रोज एक पोपट काढलेला असे. मराठीत त्याला काय म्हणतात, हे मी वर्गाला सांगितलं नाही.

"मिस, मी तेव्हा बोलताना अडखळायचो," मुलगा म्हणाला. "रोज पन्नास मुलं तुम्हाला हसायची आणि तुम्ही पुन्हा 'कीळे विळुम्' म्हणायचात. मला वाटलं, यांना चालतं तर मलाही चालेल. मग हात वर करायला लागलो."

तेव्हा कुठे मला तो आठवला. तिसरा बाक, खिडकीकडचा. आणि आणखी एक आठवलं. पोर्शन संपवायची घाई होती, तो 'फोर्स'च्या फवर अडकला होता, तास संपत आला होता, आणि मी म्हणाले होते, "उक्कारु." बस खाली. ते त्याने काढलं नाही. विसरला असेल असं मला वाटत नाही. माझं तयार वाक्य मी गिळलं.

निघताना म्हणाला, "मिस, एकदा म्हणा ना, वाऴैप्पऴम." म्हणजे केळं.

म्हणाले. शेजारून चाललेले दोन आजोबा थांबून वळले. मुलगा पोट धरून हसला, वाकून पाया पडला आणि क्लासाला पळाला.

काल राउंडटाणाच्या चौकात गाडीवरून डझनभर केळी घेतली. बोट दाखवून.