ट्रे : नेमणुकीपासून निवृत्तीपर्यंत

ट्रे नसलेलं मराठी घर दाखवा आणि हजार रुपये मिळवा, अशी जाहिरात आम्ही बिनधास्त देऊ शकतो. पण त्या ट्रेमध्ये खाण्याचा पदार्थ शेवटचा कधी पाहिलात, असं विचारलं की घरातली माणसं एकमेकांकडे बघू लागतात. ट्रे असतो, त्यात विजेचं बिल असतं, चष्मा असतो, रिमोटच्या पाठचं झाकण असतं. दोष माणसांचा नाही. मिक्सरबरोबर माहितीपुस्तिका येते, कुकरबरोबर येते, ट्रेबरोबर येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी सदर मार्गदर्शिका जनहितार्थ सादर करीत आहोत. ती फ्रिजवर चिकटवावी. त्यासाठी लागणारं लोहचुंबक ट्रेमध्ये सापडेल.

प्रथम ओळख पटवून घ्यावी. कड नसेल तर तो पाट, कड वीतभर असेल तर ती परात, मधोमध निरांजन असेल तर ते तबक. उरेल तो ट्रे. घरोघरी याच्या दोनच जाती आढळतात : ‘चांगला’ आणि ‘वापरातला’. चांगला ट्रे कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात, मूळ प्लास्टिकच्या पिशवीत असतो आणि तो पाहुण्यांसाठी राखीव असतो. पाहुणे आले की तो काढायला स्टूल लागतं, स्टुलावर इस्त्रीचे कपडे असतात, तोवर चहा उकळून वर येतो, आणि पुढे जातो तो वापरातला. चांगला ट्रे अशा रीतीने वर्षानुवर्षं चांगलाच राहतो.

खरेदीबाबत थोडक्यात. प्रत्येक सोसायटीत भांड्यांच्या दुकानात खिशातून लोहचुंबक नेणारे एक काका असतात. चुंबक चिकटलं नाही म्हणजे स्टील अस्सल, असा त्यांचा निकाल असतो. ३०४ प्रतीच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही हे खरंच आहे. पण निकेल कमी आणि मँगनीज जास्त घालून केलेल्या २०० मालिकेतल्या स्वस्त स्टीललाही ते बहुधा चिकटत नाही. हे काकांना सांगू नये. मेलामाईन या पदार्थाचा शोध युस्टस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३४ साली लावला. पुढे त्याच्या ट्रेवर गुलाबाची फुलं आणि स्वित्झर्लंडचे डोंगर छापले गेले, यात लीबिगसाहेबांचा हात नाही. हा ट्रे मायक्रोवेव्हमध्ये घालू नये आणि त्यात आंबट पदार्थ गरम गरम ओतून ठेवू नये. आजीच्या काळचा पितळी ट्रे असेल तर त्याला आधी कल्हई लावून घ्यावी. बिनकल्हईच्या पितळेत ताक कळकतं. आणि आजकाल कथील-नवसागराची पिशवी घेऊन दारावर येणारा कल्हईवाला गाठणं हे मुलासाठी स्थळ शोधण्याहून कठीण झालं आहे.

आता मूळ कर्तव्य, म्हणजे चहा. कप पाऊण भरावेत. कपाची कडी उजवीकडे करावी, कारण डावखुरा पाहुणा तक्रार करत नाही. चहा सांडतो तो नेणाऱ्याच्या वेंधळेपणामुळे, असा आपल्याकडे समज आहे आणि त्यावरून तीन-चार पिढ्यांनी बोलणी खाल्ली आहेत. शास्त्र वेगळं सांगतं. कपातल्या द्रवाच्या हिंदकळण्याला स्वतःचा एक ताल असतो, आणि तो माणसाच्या चालण्याच्या तालाच्या इतका जवळ असतो की पावलागणिक लाट वाढत जाते आणि थोड्याच अंतरावर कपाबाहेर पडते. रुस्लान क्रेचेत्निकोव्ह आणि हान्स मेयर यांनी कॉफीवर हे संशोधन केलं. त्यासाठी त्यांना २०१२ चं इग्नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं ते पारितोषिक. तेव्हा यापुढे बशीत चहा सांडला आणि ‘डोळे फुटले का?’ असा प्रश्न आला, तर नम्रपणे दोन्ही नावं सांगावीत.

तुर्कस्तानात यावर उपाय आहे. तिथला चहा पोचवणारा पोऱ्या ट्रे हातावर धरत नाही, टांगतो. गोल ट्रे तीन दांड्यांना लटकवलेला असतो आणि दांड्या वर एका कडीत एकत्र येतात. ती कडी बोटात अडकवून तो भर बाजारातून धावतो. वळणावर लोंबता ट्रे आपसूक कलतो, त्यामुळे चहा कडेवर चढण्याऐवजी पेल्याच्या तळाकडेच दाबलेला राहतो. आपल्या टपरीवरचा पोऱ्या कटिंगचे ग्लास ज्या तारेच्या जाळीत घालून तीन मजले चढतो, तिचंही तत्त्व तेच, कारण तिचा दांडा वर असतो. घरी हा प्रयोग करायला हरकत नाही. फक्त दिवाणखान्यात ट्रे झुलवत येणाऱ्या सुनेसाठी समाज अजून तयार नाही. जावयाने सुरुवात करावी.

मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात ट्रेचं काम चहा नेणं हे कधीच नव्हतं. दोन्ही हात गुंतले की ते कुठे ठेवावेत हा प्रश्न सुटतो, आणि कपांवर लक्ष ठेवणं भाग असल्याने नजर आपोआप खाली राहते. तिलाच मंडळी विनय म्हणत. मुलाकडच्यांना हातात धरायला काहीच नसे, म्हणून ते प्रश्न विचारत. आता मुलगा-मुलगी कॅफेत भेटतात. ट्रे तिथेही आहे, फक्त आपला आपण उचलायचा. वधूपित्यांना आमचा सल्ला असा की पत्रिका, पगार, फ्लॅटचा हप्ता हे सगळं नंतर बघावं. खाऊन झाल्यावर रिकामा ट्रे नेऊन ठेवायला कोण उठतं, ते आधी मुलीला विचारावं. दोघंही उठले नसतील तर जोडी जमेल, पण कामाला बाई पहिल्या दिवसापासून लागेल.

अहेरात आलेला ट्रे हे नाजूक प्रकरण. असा ट्रे घरात ठेवायचा नसतो, पुढे सरकवायचा असतो. हळदीकुंकवाच्या दिवसांत, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत, वाण म्हणून लुटलेले छोटे प्लास्टिकचे ट्रे गल्लीतून असे फिरतात की पुढच्या वर्षी आपलाच आपल्याला सापडावा. नियम एकच : देण्याआधी आतली जुनी चिठ्ठी काढावी. तोच नेमका विसरला जातो. यावर जुन्या पिढीने काढलेला तोडगा म्हणजे नाव घालणं. भांड्यांच्या दुकानाच्या कोपऱ्यात एक गृहस्थ विजेची टोकदार पेन्सिल घेऊन बसलेले असतात. टर्रर्र आवाज करत ते ठिपक्याठिपक्यांनी स्टीलवर अक्षरं उमटवतात. ‘चि. सौ. कां.’ हे ऐसपैस, बोटभर अंतर राखून. मुलीचं नाव जरा दाटीने. ‘हिच्या विवाहप्रीत्यर्थ’ इथे जागा संपत आल्याचं त्यांच्या लक्षात येतं, मामांचं आडनाव वळून कडेवर चढतं आणि तारीख मागच्या बाजूला जाते. नाव घातलेला ट्रे पुढे देता येत नाही. देणाऱ्याला हे माहीत असतं. त्याने चाळीस रुपये त्यासाठीच मोजलेले असतात. असा ट्रे जपून ठेवावा. भावाभावांच्या वाटणीत सात-बारा कोणाला कळत नाही, पण ट्रेवरचं नाव सगळ्यांना वाचता येतं.

खाद्यपदार्थांशी ट्रेचा खरा संबंध येतो तो वड्या थापताना. तुपाचा हात फिरवावा, गरम सारण ओतावं, वाटीच्या बुडाने एकसारखं दाबावं आणि कोमट असतानाच सुरी फिरवावी. आधी उभ्या रेघा, मग तिरप्या. घाईची बाई सुरी जोरात दाबते, आणि वडीबरोबर ट्रेही कापते. आपल्या घरचा वापरातला ट्रे खिडकीशी तिरपा धरून पाहा; शंकरपाळ्यांच्या आकाराचं रेघांचं जाळं दिसेल. जाळं मधे दाट आणि कडेला विरळ असेल तर घरात वड्यांचा बेत वारंवार होतो. कडेपर्यंत सारखंच दाट असेल तर सासूबाई शेजारी उभ्या असतात. कोकणात हाच ट्रे मे महिन्यात आंब्याच्या साठांसाठी उन्हात जातो. तुपाच्या हाताने पुसलेल्या तळावर रसाचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की त्यावर दुसरा, मग तिसरा, असं काही दिवस. या काळात ट्रेची मागणी करणाऱ्यास उलट उत्तर मिळेल. कावळे हाकलायला सुट्टीत आलेलं भाचरू बसवावं. मात्र कावळा जितका रस नेतो त्यापेक्षा भाचरू जास्त नेतं, हे हिशेबात धरावं.

लाडवांच्या डब्याला मुंग्या लागत असतील तर ट्रेमध्ये पाणी घालून त्यात डबा ठेवावा. मुंग्या थांबतात. माणसांसाठी असा उपाय अद्याप निघालेला नाही.

शैक्षणिक उपयोगांत दसऱ्याला ट्रेमध्ये तांदूळ पसरून पोराच्या बोटाने ‘श्री’ काढून घेणं हा एक. पूर्वी मुलं धूळपाटीवर अक्षरं गिरवत. तिचं काम आता ट्रे करतो. तेच तांदूळ मग निवडायला घेता येतात. मालिका बघत मेथी निवडणं, मटार सोलणं, उशीवर ट्रे ठेवून त्यावर लॅपटॉप चालवणं, हे ज्याचं त्याने शिकावं.

ध्वनीच्या बाबतीत मात्र नीट माहिती उपलब्ध आहे. २२ मार्च २०२० रोजी, जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी पाच वाजता, देशभर गॅलऱ्या आणि गच्च्यांवर थाळ्या वाजल्या. ज्यांच्या हाती थाळी लागली नाही त्यांनी ट्रे घेतला. स्टीलचा खणखणीत उत्तीर्ण झाला. मेलामाईनचा ‘थप्प’ एवढंच म्हणाला, आणि आमच्या वरच्या मजल्यावर त्याचे दोन तुकडे झाले.

ट्रे फक्त अन्नासाठी वापरणारी शिस्तीची माणसं पाहायची असतील तर मुंबईत सकाळी अकराच्या सुमारास चर्चगेटला जाऊन उभं राहावं. डबेवाल्यांचं काम १८९० पासून चालत आलेलं आहे. त्यांचा लांबट लाकडी ट्रे तीस-चाळीस डबे घेऊन डोक्यावरून लोकलच्या मालडब्यातून बाहेर येतो, आणि त्यात एकही विजेचं बिल नसतं. उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं. कॉर्नेल विद्यापीठात मुलं कॅन्टीनचे ट्रे पळवून आवारातल्या लाइब स्लोप या उतारावर न्यायची आणि बुडाखाली घेऊन बर्फावरून घसरायची. पुढे तिथल्या बऱ्याच विद्यापीठांनी कॅन्टीनमधून ट्रेच हटवले. घसरगुंडी हे त्याचं कारण नव्हतं. हातात ट्रे असला की माणूस खाववेल त्याहून जास्त वाढून घेतो, अन्न वाया जातं आणि वर ट्रे धुवायला पाणी लागतं, असं त्यांच्या लक्षात आलं. आपल्याकडे लग्नाच्या बुफेत हाच परिणाम एका ताटलीवर साधला जातो.

सेवानिवृत्ती. ट्रेचा कोपरा उडाला, गुलाबाची फुलं पुसली गेली की तो टाकून द्यायचा नसतो. त्याची बदली होते. आधी फ्रिजवर, बटाटे-कांद्यांखाली. मग न्हाणीघरात, साबणाच्या पेटीखाली. तिथून गॅलरीत, कुंडीखाली. पावसाळ्यात त्याला ओल्या छत्र्यांसाठी दाराशी हंगामी नेमणूक मिळते. कुंडीखाली गेलेल्या ट्रेमध्ये पाणी साचू देऊ नये, डासांची पैदास होते. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एकदा ट्रे उपडा करून कोरडा करावा. या मार्गदर्शिकेतली ही एकच सूचना विनोदाने घेऊ नये.

शेवटी फराळाबद्दल. दिवाळीत शेजारी जाणारा ट्रे क्रोशाच्या रुमालाने झाकावा, चकल्या वर आणि मोडक्या करंज्या खाली ठेवाव्यात. परत देताना ट्रे रिकामा देऊ नये, निदान चमचाभर साखर घालावी, ही रीत सर्वांना ठाऊक आहे. साखर नसल्याने ट्रे अडकून राहतो, असा आमचा अंदाज आहे. आमचा हिरव्या द्राक्षांचा, डाव्या कानाला किंचित तडा गेलेला ट्रे गेल्या दिवाळीत चिवड्यासकट गेला तो अजून आलेला नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी तो आणून द्यावा. साखर नसली तरी चालेल. त्यातलं विजेचं बिल मात्र आमचं नाही, ते काढून घ्यावं.