साहेबांची कापडी पिशवी

आमचे साहेब पर्यावरणाचे मोठे कैवारी. दात घासताना नळ बंद ठेवतात आणि ते भेटेल त्याला सांगतात. कुणी पाठकोरा कागद फेकला, तर टोपलीतून उचलून माझ्या टेबलावर आणतात. "अहो, झाडं तुटतात!" त्याच पाठकोऱ्यांवर मी त्यांच्या विमानाच्या इंधनाचा हिशोब मांडतो.

विमान स्वतःचं, आठ आसनी. दर गुरुवारी शिर्डी. 2023मध्ये शिर्डीची वंदे भारत सुरू झाली तेव्हा साहेबांनी अख्ख्या स्टाफला तिकिटं काढून दिली. स्वतः मात्र चाळीसेक मिनिटांत आकाशमार्गे. त्यांना पोचवून विमान रिकामं मुंबईला येतं, कारण मॅडमना मध्येच कुठे जावंसं वाटलं तर? मॅडमना सहसा वाटत नाही. दुपारी विमान पुन्हा रिकामं जातं आणि साहेबांना घेऊन येतं. एका दर्शनाला चार खेपा. रिक्षावालासुद्धा परतीचं भाडं शोधतो हो!

एवढ्या विमानाला तासाला हजारेक लिटर इंधन लागतं, त्यातून अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यात खेप जितकी आखूड तितका तोटा, कारण विमान सर्वांत जास्त पितं ते वर चढताना. आपल्या देशात माणशी वर्षाला दोनेक टन पडतात. म्हणजे साहेब एका गुरुवारी तिघांचं वर्ष उडवून येतात. त्यांना एकट्याला तरी काय बोलणार? 2023 साली जगातल्या खाजगी विमानांच्या निम्म्याच्या आसपास फेऱ्या पाचशे किलोमीटरच्या आतल्याच होत्या.

एकदा भीत भीत मी हा तिघांच्या वर्षाचा आकडा साहेबांना दाखवला. साहेब खरोखर हळहळले. त्या दिवशी ड्रायव्हर गाडी सुरू ठेवून एसीत बसलेला दिसला, त्याला धुरावरून अर्धा तास झापलं. मग फार्महाऊसवर शंभर रोपं लावायला सांगितलं. पहिलं पाणी घालायला जातीने गेले. विमानाने.

प्लॅस्टिकला मात्र साहेब शिवत नाहीत. प्रसादासाठी कापडी पिशवी कायम सोबत. गेल्या गुरुवारी ती पिशवी शिर्डीलाच राहिली. साहेब कासावीस झाले. म्हणाले, "विमान मोकळंच आहे ना?"

पिशवी संध्याकाळी आली. व्हाउचर मी पाठकोऱ्यावरच केलं आणि खर्च, साहेबांच्या सांगण्यावरून, 'किरकोळ'मध्ये टाकला.