डबीतले काका

भोपाळच्या कोलार रोडवरच्या आमच्या कॉलनीत चहाला बोलावणारी घरं पुष्कळ आहेत, पण चहा पिऊन झाल्यावर हात धुवायला पाठवणारे काका एकच. धुतलेले हात टॉवेलला पुसायचे नाहीत, कारण टॉवेलचे धागे लागतात. पंख्याखाली वाळवायचे. मग आतल्या खोलीत जायचं आणि बोलायचं झालं तर मान वळवून बोलायचं, कारण थुंकी उडते. एवढं सोवळं झालं की काका कपाटातून एक खोकं काढतात, मांडीवरच्या मखमलीच्या तुकड्यावर ठेवतात आणि म्हणतात, ‘‘बघ.’’

आपण खोकं बघतो.

‘‘एकोणसत्तरचा गांधी सेट. दहा रुपयांचं नाणं, पंधरा ग्रॅम, त्यात ऐंशी टक्के चांदी.’’

‘‘वा! बघू या का?’’

काका माझ्याकडे असे पाहतात, की जणू मी चपला घालून गाभाऱ्यात शिरलोय. खोकं पुन्हा कपाटात जातं. दर्शन झालं.

काकूंचं म्हणणं असं, की यांनी नाणी कुठं जमवलीत? डब्या जमवल्यात. आत नाणी आहेत ही आपली टाकसाळीवरची श्रद्धा.

काका भेलमधून निवृत्त झालेले. आयुष्य दाबयंत्रं आणि साचे यांच्यात गेलेलं, त्यामुळे प्रूफ नाणं, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेलं नाणं, कसं होतं हे ते असं सांगतात, की ऐकणाऱ्याच्या अंगाला ग्रीसचा वास यावा. आधी कोरी चकती घोटून चकचकीत करायची. ठसाही आरशासारखा घोटायचा. मग एकदाच ठोकून मोकळं व्हायचं नाही, किमान दोनदा दाब द्यायचा. चित्र पांढरट, धुकं बसल्यासारखं उठतं आणि भोवतालचं मैदान अगदी आरसा. बाजारातलं नाणं म्हणजे होस्टेलात वाढलेलं पोर आणि प्रूफ म्हणजे आजीनं वाढवलेलं, ही उपमा त्यांचीच. पोरगं पुढे काय करतं, हे मात्र ते सांगत नाहीत. ते काहीच करत नाही. डबीत बसतं.

त्यांच्या कपाटाचा मधला खण म्हणजे स्वातंत्र्योत्तर भारताचा घोषणा-विभाग आहे. १९७० चं ‘सर्वांसाठी अन्न’, १९७४ चं ‘नियोजित कुटुंब’, १९७७ चं ‘विकासासाठी बचत’, १९७९ चं बालवर्ष, १९८० चं ‘ग्रामीण महिलांची प्रगती’. मला यातलं १९७४ चं विशेष आवडतं. छोट्या कुटुंबाचा संदेश सरकारनं पन्नास रुपयांच्या चांदीच्या नाण्यावर कोरला. ज्यांना तो पोचवायचा होता, त्यांच्या तळहातावर पन्नासाचं चांदीचं नाणं कोण आणि कधी ठेवणार होतं, कोण जाणे. काका स्वतः सात भावंडांतले. तो सेट ते जरा घाईनंच पुढे सरकवतात.

टाकसाळीच्या खुणांवर त्यांचं व्याख्यान ठरलेलं आहे. हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला काहीच नाही. ‘‘ज्येष्ठ टाकसाळ, तिला सही करायची गरज नाही.’’ मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर पूर्वी ‘बी’ असायचा, बॉम्बेचा. शहराचं नाव बदललं आणि ‘बी’ जाऊन ‘एम’ आला. माझा भोपाळी मित्र एकदा हे व्याख्यान ऐकायला सापडला. शेवटी म्हणाला, ‘‘को खाँ, अंकल, भोपाल का नाम बदल जाए तो?’’ काका म्हणाले, भोपाळात टाकसाळ नाही, म्हणून सुचतंय तुला.

घरातले नियम नाण्यांच्या प्रकृतीवरून ठरतात. रबरबँड घरात येत नाही, कारण त्यातल्या गंधकानं चांदी काळवंडते. वर्तमानपत्राचा कागद कपाटात चालत नाही. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांना ते विष म्हणतात, आणि ते खरंच आहे. वर्षानुवर्षं त्यातून चिकट हिरवट साय सुटते आणि नाण्यावर बसते. पावसाळ्यात मोठ्या तलावावरून वारा आला की काका कपाटाला टॉवेल लावतात. त्यांच्याकडे कोणी नवे बूट घेऊन गेलं, तर आधी खोक्यातली सिलिका जेलची पुडी जप्त होते, मग बुटांचं कौतुक.

पण काकांचं खरं दुखणं वेगळंच आहे आणि ते फक्त रात्री साडेदहानंतर सांगतात. जुन्या मूळ डब्यांतला स्पंज, गोंद, प्लॅस्टिक हीच कधीकधी नाण्याला खातात. डबीत ठेवावं तर नाणं काळं पडतं, डबीतून काढावं तर भाव पडतो. गांधींच्या त्या दहाच्या नाण्याच्या कडेला पिवळसर-जांभळी छटा चढत चालली आहे. काका तिला ‘टोनिंग’ म्हणतात, आणि आवाज असा असतो, जसा डॉक्टर ‘काळजीचं काही नाही’ म्हणतो. काकू म्हणतात, ‘‘द्या इकडे, पांढरी टूथपावडर लावून निरंजनाबरोबर घासून देते.’’ त्या रात्री काका कपाटाची किल्ली उशाखाली घेऊन झोपले होते.

आता खोक्याचं प्रकरण. काका डबीची बाहेरची खोळ, माहितीपत्रक, पावती एवढंच जपत नाहीत. पार्सल ज्या तपकिरी पुठ्ठ्याच्या खोक्यातून आलं, तेही जपतात. मागल्या दिवाळीत काकूंनी त्यातलं एक रिकामं खोकं घेतलं, चकल्या भरल्या आणि पुण्याला नातवाकडे पाठवून दिलं. काकांना चौथ्या दिवशी कळलं. मुलाला फोन गेला. ‘‘चकल्या पोचल्या का?’’ वगैरे नाही. ‘‘खोकं फेकलं नाहीस ना?’’ मुलगा गुणी आहे. खोकं त्यानं परत पाठवलं. फक्त वर जाड मार्करनं भोपाळचा पत्ता लिहून, आणि नातवानं शेजारी एक डायनासोर काढून. काकांनी ते तसंच ठेवलंय. विकताना ‘किंचित दोष’ असं लिहावं लागेल म्हणतात. विकणार कधीच नाहीत.

त्याच दिवाळीत लक्ष्मीपूजनाला काकू हटून बसल्या. घरात एवढी चांदीची नाणी, आणि पाटावर दरवर्षी किराणावाल्यानं दिलेला बिल्ला? तासभर वाटाघाटी झाल्या. शेवटी बंद डबी पाटावर आली, तिच्यावर स्वयंपाकघरातली पारदर्शक पट्टी तीन पदरी गुंडाळून. काकूंनी त्या पट्टीवर हळदकुंकू वाहिलं. काका उदबत्तीचा धूर हातानं दुसरीकडे वळवत बसले होते. लक्ष्मीला काय वाटलं असेल, देव जाणे.

३१ मे २०२५ ला मात्र काकांच्या आयुष्यात मोठी गडबड झाली. अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दीनिमित्त ३०० रुपयांचं नाणं निघालं, पंतप्रधानांच्या हस्ते, आणि तेही भोपाळात, जंबुरी मैदानावर. म्हणजे काकांच्या जुन्या क्वार्टरपासून स्कूटरनं चहा निवायच्या आत. पण ते होतं महिला संमेलन. काकू महिला मंडळाबरोबर बसनं गेल्या, माहेर इंदूरचं म्हणून माहेश्वरी नेसून. काका घरी टीव्हीसमोर वही-पेन्सिल घेऊन. संध्याकाळी काकू उन्हानं लाल होऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘‘तुमचं नाणं माझ्यासमोर निघालं हो.’’ काका दोन दिवस मोजकंच बोलत होते.

त्या नाण्याचा सेट घरी आला तेव्हा काकूंनी पहिल्यांदाच आपणहून हात धुतले. पंख्याखाली वाळवले. ‘‘उघडा. मला देवी बघायच्यात.’’

‘‘मोबाईलवर फोटो आहे.’’

‘‘देवींनी आपल्या रुपयावर पिंड आणि बेलाचं पान काढवलं होतं,’’ काकू म्हणाल्या, ‘‘आणि तो रुपया बाजारात फिरला. भाजीवालीच्या कनवटीला गेला. तुमच्या कपाटात नाही राहिला.’’

काकांकडे उत्तर नव्हतं. करोनातले मास्क निघाले. एक काकांनी लावला, एक काकूंना दिला, मलाही दिला. हातमोजे चढले. खोळ निघाली, डबी उघडली. पंखा बंद. काकूंनी हात जोडले आणि वाकून पाहिलं, बराच वेळ.

‘‘दिसल्या का?’’ काका कुजबुजले.

‘‘दिसल्या. शेजारी मीही दिसतेय.’’

आणि नाण्याच्या त्या चकचकीत मैदानात बघून काकूंनी करंगळीनं कपाळावरचं कुंकू सारखं केलं. त्याचा एक बारीक कण सुटला, आणि काका मास्कमधून जे ओरडले ते मला अजून नीट कळलेलं नाही.