नानांची हलकी पिशवी

मुखेडहून पंढरपूर पायी गाठायचे म्हणजे जळकोट, चाकूर, लातूर, मुरूड, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी अशी अडीचशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवावी लागते, आणि तीही आषाढीपूर्वी, ऐन चिखलात. सबब सोबत काय न्यावे याची फेहरिस्त मी, तहसील कचेरीतील तीस वर्षांच्या कारकुनीस जागून, दोन प्रतींत तयार केली. तीत घोंगडी, छत्री, कंदील, घासलेटाची बाटली, तांब्या, सुईदोरा, अडकित्ता, पानांचा डबा, दशम्या, धपाटे आणि हे सारे ठेवण्यासाठी पत्र्याची एक पेटी, इतकीच कलमे होती.

आदल्या सायंकाळी दशरथेश्वराच्या देवळात नानांची गाठ पडली. बावीस वाऱ्या केलेल्या या गृहस्थांची सामग्री खांद्यावरच्या एका पिशवीत मावत असे: एक धोतर, टाळ आणि हरिपाठाची पोथी. माझी फेहरिस्त ऐकून त्यांनी डोळे मिटले. "रावसायब, वझं म्हंजे मोह. इठोबाला भेटाया चाललाव का सोयरिकीला?" मी खजील होऊन भिंतीवरच्या नृत्यमग्न सप्तमातृकांकडे पाहिले, त्यांच्या अंगावरील अलंकारांचा विस्तार पाहता, सामान कमी करण्याचा विचार त्यांनाही शिवलेला दिसत नव्हता. त्या आधारावर मी पेटी कायम केली.

जळकोटच्या अलीकडेच पाऊस आला आणि वैराग्याचा पहिला अंक संपून नाना माझ्या छत्रीखाली आले. रात्री माझ्या घोंगडीचा अर्धा हिस्सा, आणि पहाटेपर्यंत उर्वरित अर्धाही, त्यांच्या कबजात गेला. चाकुरास त्यांच्या टाचेला फोड आला. फोडातून दोरा ओवून ठेवला म्हणजे पाणी निथळते, हा वारकऱ्यांचा जुना उपचार त्यांना मुखोद्गत होता, मात्र सुई आणि दोरा फेहरिस्तीतील कलम सहानुसार माझे होते. रात्री पोथी त्यांची, उजेड माझ्या कंदिलाचा. विडा त्यांच्या मुखात, अडकित्ता माझ्या हातात. पेटी डोक्यावर घेऊन चालणारा मी आणि हात हलवीत पुढे चालणारे नाना, या जोडीकडे पाहून गावोगावच्या आयाबाया नमस्कार नानांनाच करीत.

लातुरास माझा धीर सुटला. तेथून बार्शी, कुर्डुवाडीवरून पंढरपुरास जाणारी अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे होती. पेटी तिच्या हवाली करावी आणि आपणही नानांसारखे मोकळे व्हावे, असा प्रस्ताव मी मांडला. नाना प्रथमच अस्वस्थ झाले. "कामून? पेटी गेल्यावर कंदील कुठला?" एवढे बोलून ते, बहुधा उत्तराची भीती वाटून, अभंग म्हणू लागले. पेटी डोक्यावरच राहिली.

पुढल्या वाटेवर मात्र मला ज्ञानोबांच्या पालखीची आठवण होऊन बरे वाटले. त्या सोहळ्याला शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या दरबारातले, लवाजम्याचे महत्त्व जाणणारे; आणि त्या सोहळ्याचे अश्व व माउलींचा तंबू आजही अंकलीच्या शितोळे सरदारांकडून येतो. तंबूखाली विसावणाऱ्याचा प्रवास कितीही हलका असो, तंबूचे वजन कोणाच्या तरी हिशेबी जमा असतेच, आणि आमच्या दिंडीतले ते खाते माझ्या नावे होते.

चंद्रभागेच्या वाळवंटात टेकल्यावर नाना तृप्तीने म्हणाले, "बगा, सामान नसलं की कसं सुख लागतं!" आणि डोक्याखाली माझी पेटी घेऊन झोपले.

त्यांचे म्हणणे मला अखेर पटले. पुढल्या आषाढीस मीही एक धोतर आणि एक पिशवी एवढ्यावरच निघणार आहे. तरी मुखेडहून निघणाऱ्या वाचकांपैकी कोणी कंदील, सुईदोरा आणि दोन माणसांस पुरेल अशी घोंगडी घेऊन येणार असतील, तर त्यांनी आगाऊ कळविण्याची मेहेरबानी करावी. नाना धरून तिघांस पुरणारी असल्यास उत्तम.